तीन-त्र्याहत्तर

कोल्बी बर्कहोल्डरने चिठ्ठी काउंटरवर ठेवली:
मागचा गिअर चार-दहा, कन्व्हर्टर साडेतीन हजारांचा.
अक्षर त्याचं नव्हतं. मोठं, तिरपं,
एका ओळीवर दुसरी चढलेली.

गाडी एकाहत्तरची नोव्हा.
रोज चालवणार की रविवारी?
रोज, म्हणाला.
टायर? सव्वीस इंच.
कॅम कुठे जागा होतो? बावीसशेला.
ओव्हरड्राइव्ह? नाही. तीन गिअरचा जुना डबा.

लायमात चाळीस वर्षं मी हे डबे उघडते आहे.
नखांतलं लाल तेल लग्नाच्या दिवशीही निघालं नव्हतं.
लोक आकडा घेऊन येतात,
जसा कुणी दुसऱ्याच्या मापाचा बूट आणावा
आणि म्हणावं, पाय तेवढा कापून द्या.

मी त्याला कापलेला कन्व्हर्टर दाखवला.
एक बाजू इंजिनाची, एक चाकांची,
मध्ये फक्त तेल. कुणी कुणाला धरलेलं नाही.
एक तेल फेकतो, दुसरा ते अंगावर घेतो,
आणि मधला छोटा, ज्याचं नाव सगळे विसरतात,
परतणाऱ्या तेलाला वळवून पुन्हा कामाला लावतो.
सैल ठेवलास तर सिग्नलवर इंजिन आधी वर जाईल,
मग गाडी उसळेल. त्यात मजा आहे, खोटं कशाला बोलू.
पण सैलपणाचं भाडं उष्णतेत भरावं लागतं.

पाकिटाच्या पाठीवर गणित केलं.
पासष्ट मैलांचा वेग, चार-दहाचा गिअर:
चौतीसशे चव्वेचाळीस फेरे.
"आणि कन्व्हर्टर साडेतीन हजारांचा.
म्हणजे फिंडलेपर्यंत अख्खी वाट तो
ताक घुसळत बसणार, लोणी काही निघायचं नाही."

तो हसला नाही.
"चिठ्ठी लेलंडची आहे. थोरला. गाडीही त्याचीच.
आता त्याला कडेकडेचं दिसतं, मधलं नाही.
मी चालवतो, तो शेजारी बसतो."

मग त्यालाच आण, म्हटलं.

शनिवारी लेलंड आला,
फेंडरवरून हात फिरवत, कुणाच्या आधाराशिवाय.
मी नोव्हा सुरू केली, ॲक्सिलरेटर जरा दाबून धरला.
"अठराशे," म्हणाला.
काटा अठराशेच्या केसभर वर.
आणखी दाबला. "सव्वीसशे."
"काटा नाही दिसत. पाठीला कळतं."

माझ्या जुन्या ट्रकला चार-दहाच आहेत.
दोघांना घातलं त्यात आणि रूट पंच्याहत्तरवर निघाले.
सोयाबीन कापून झालेलं, शेतं खरवडल्यासारखी.
पासष्टला केबिन भरून गेली घरघरीने.
कोल्बी काहीतरी म्हणाला.
"काय?"
कोल्बी ओरडला.
"काय?"
तिसऱ्यांदा लेलंडने विचारलंच नाही,
दारावर तळवा ठेवून बसून राहिला.

परतल्यावर इंजिन बंद केलं.
गरम पत्रा टिकटिकत होता.
"वाटेत तो मला सांगत असतो," लेलंड म्हणाला,
"कुठे काय दिसतंय ते.
काल म्हणाला, धान्याच्या कोठीवर कुणीतरी
पायऱ्या रंगवतंय, निळ्या.
निळ्या कशाला, यावर आम्ही वीस मैल भांडलो."

मी चिठ्ठी उलटी केली.
गिअर तीन-त्र्याहत्तर. पासष्टला एकतीसशे तेहतीस.
कन्व्हर्टर अठ्ठावीसशेचा, कॅमच्या जरा पुढे,
हायवेच्या बराच मागे.
तेलाला मोठा कूलर, त्यात कंजुषी नको.

"सिग्नलवर पाठ सीटला लागेल ना?"
"लागेल. चिठ्ठीत होती तितकी नाही."

त्याने कागद घेतला, मान तिरकी करून
डोळ्याच्या कोपऱ्याशी धरला, बराच वेळ.
मग धाकट्याला म्हणाला,
"वाच जरा. बाईंचं अक्षर माझ्याहून वाईट आहे."